युद्धाला नाही म्हणणारी कविता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण कुणाच्या तरी घरी जमतो आणि कविता मोठ्याने वाचतो. युद्धविरोधी कवितांची पाळी आली की चहा हमखास गार होतो. प्रश्न तेच ते येतात, उत्तरं दर वेळी अर्धवट राहतात, आणि मग जिन्यात उभं राहून वाद चालतो. शेजाऱ्यांनी एकदा सौम्य तक्रार केल्यावर ठरवलं की हे एकदा लिहूनच काढावं. भर पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज कवींवर आहे, कारण बहुतेकांचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. पण जपान आणि अमेरिका टाळून हा विषय पुरा होत नाही.

युद्धावरची कविता आणि युद्धविरोधी कविता यांत फरक काय?

युद्धासाठी आपल्या भाषेने किती शब्द घडवलेत ते आधी पाहा. माणूस मेला असं आपण म्हणत नाही. तो 'धारातीर्थी पडला', त्याला 'वीरगती' मिळाली, तो 'कामी आला'. तलवारीच्या धारेचं आपण तीर्थ केलं. 'कामी आला' हा तर इतका रुळलेला शब्द की कुणाच्या कामी, हे विचारायचं कुणाला सुचतही नाही.

युद्धविरोधी कविता नेमकं तेवढंच विचारते. तिचं भांडण बंदुकीशी नंतर, आधी या शब्दांशी असतं. पोवाडा माणसाच्या मरणाला अर्थ देतो. ही कविता तो अर्थ काढून घेते आणि उरलेलं शरीर समोर ठेवते.

मधल्या जागाही असतात. कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' घ्या. १६७४ साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह शत्रूच्या फौजेवर चालून गेले आणि मारले गेले. कविता गौरवाचीच आहे, याबद्दल वाद नाही. पण पहिलाच शब्द 'वेडात' आहे, आणि तो मला शाळेपासून खुपतो. आमच्या गटात यावर एकमत झालेलं नाही, होणारही नाही.

ही परंपरा पहिल्या महायुद्धापासूनची ना?

नाही. महाभारतातलं स्त्रीपर्व काढून पाहा. अठरा दिवसांचं युद्ध संपलंय, आणि गांधारीला रणांगण दिसतंय : कोल्हे, गिधाडं, नवऱ्यांची तुटलेली शिरं शोधणाऱ्या सुना. ती जेत्यांचं अभिनंदन करत नाही, थेट कृष्णाला शाप देते. ग्रीसमध्ये युरिपिडीझने इसवी सनापूर्वी ४१५ मध्ये हरलेल्या ट्रॉयच्या बायकांना रंगमंचावर बोलकं केलं, तेही स्वतःचं अथेन्स युद्धात गुंतलेलं असताना.

चीनचा तू फू आठव्या शतकातला. सक्तीने भरती केलेले शिपाई गाव सोडून निघालेत, धुळीने पूल दिसेनासा झालाय, आईबाप त्यांचे कपडे धरून पाय आपटत रडताहेत, असं त्याच्या कवितेत चित्र आहे. तिथला एक शिपाई म्हणतो की मुलगा होण्यापेक्षा मुलगी झालेली बरी. मुलगी निदान शेजारच्या घरात देता येते, मुलगा गवताखाली पुरला जातो. मुलगाच हवा म्हणणाऱ्या समाजात हे वाक्य किती टोकाचं आहे, ते आपल्याला वेगळं समजावायला नको.

पहिल्या महायुद्धात नवीन होतं ते एवढंच, की खंदकातला माणूस स्वतः लिहिता होता, घरचा वाचक साक्षर होता, आणि युद्ध अजून चालू होतं.

ससूनने नेमकं काय केलं? तो शिपाई होता की बंडखोर?

दोन्ही, आणि एकाच वेळी.

सीगफ्रीड ससून श्रीमंत घरातला. शिकार, क्रिकेट आणि मधूनमधून कविता असं आयुष्य. लढाईत इतका बेफाम की सोबतचे त्याला 'मॅड जॅक' म्हणत. १९१६ साली त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. एप्रिल १९१७ मध्ये आरासच्या लढाईत खांद्याला गोळी लागून तो इंग्लंडला परतला. बरं होता होता त्याने एक निवेदन लिहिलं : ज्यांच्या हातात हे युद्ध थांबवणं आहे तेच ते मुद्दाम लांबवत आहेत असं मला वाटतं, बचावासाठी सुरू झालेलं युद्ध आता जिंकण्याच्या हव्यासाचं झालंय, म्हणून मी लष्करी अधिकाराची जाणूनबुजून अवज्ञा करतो. शेवटी घरी बसून निवांत असलेल्यांवर एक सणसणीत वाक्य.

३० जुलै १९१७ रोजी हे निवेदन ब्रिटिश संसदेत वाचलं गेलं, दुसऱ्या दिवशी 'टाइम्स'मध्ये छापून आलं. मिलिटरी क्रॉसची फीत त्याने मर्सी नदीत फेकली. फीत फेकली, पदक नाही. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण सांगोवांगीत पदकच नदीत जातं.

मग त्याचं कोर्ट मार्शल का झालं नाही?

त्याला तेच हवं होतं. खटला झाला असता तर भर कोर्टात बोलता आलं असतं. आडवा आला तो मित्र, कवी रॉबर्ट ग्रेव्हज. कोर्ट मार्शल होणारच नाही, उलट तुला युद्ध संपेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात डांबतील, असं ग्रेव्हजने त्याला शपथेवर सांगितलं. शपथ खोटी होती. ससूनने मान तुकवली आणि वैद्यकीय मंडळापुढे उभा राहिला. सरकारच्या वतीने संसदेत सांगण्यात आलं की या शूर अधिकाऱ्याची मनःस्थिती ठीक नाही.

मला या सगळ्या प्रकरणात सरकारची हीच चाल सर्वांत हुशार वाटते. बंडखोराला तुरुंगात टाकलं की तो हुतात्मा होतो. आजारी ठरवलं की त्याच्या बोलण्याचं लक्षण होतं.

त्याची रवानगी एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात झाली. तोफगोळ्यांच्या धक्क्याने मन मोडलेल्या अधिकाऱ्यांसाठी ते होतं. ऑगस्टमध्ये एक लाजरा तरुण अधिकारी ससूनच्या कवितासंग्रहाच्या प्रती सहीसाठी घेऊन त्याच्या खोलीत आला. ससून पलंगावर बसून गोल्फच्या काठ्या पुसत होता. तो तरुण म्हणजे विल्फ्रेड ओवेन.

ओवेनची ती प्रसिद्ध लॅटिन नावाची कविता कुणावर रोखलेली आहे?

'डल्चे एट डेकोरम एस्ट'. रोमन कवी होरेसची ओळ : देशासाठी मरणं गोड आहे, शोभून दिसणारं आहे. इंग्लंडच्या शाळांतली मुलं ती पाठ करत. आपल्याकडे सुभाषितं पाठ करायचो, तसंच.

कविता सुरू होते तेव्हा सैनिक चालत येत असतात, पण संचलनासारखे नाही. पोत्याखाली वाकलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे, खोकत, चिखलाला शिव्या देत. कित्येकांचे बूट हरवलेत, पाय रक्ताने माखलेत. मग विषारी वायू येतो. धांदलीत सगळे मुखवटे चढवतात, एकाचा राहतो. मुखवट्याच्या धूसर काचेतून कवीला तो हिरव्या उजेडात बुडताना दिसतो, जणू समुद्राखाली. पुढे त्याला गाडीत फेकलं जातं, आणि कवी त्या गाडीमागून चालतो. फुप्फुसातून फेसाळून येणारं रक्त, पांढरे झालेले डोळे, सगळं तपशिलाने येतं.

आणि शेवटी ओवेन वळून कुणाला तरी म्हणतो : हे सगळं तू पाहिलं असतंस, तर शौर्यासाठी आसुसलेल्या मुलांना ते जुनं खोटं इतक्या उत्साहाने सांगितलं नसतंस. मग होरेसची ओळ. 'खोटं' हा शब्द त्याने इंग्रजीत मोठ्या अक्षराने सुरू केलाय, आणि ओळ तिथे जशीच्या तशी ठेवलीय. शिवी नाही, टीका नाही. आधीच्या ओळी वाचल्यावर ती लॅटिन ओळ स्वतःच कुजते.

तो 'कुणी तरी' कोण? एका कच्च्या खर्ड्यावर अर्पणपत्रिका जेसी पोप या बाईंच्या नावे होती. या बाई वृत्तपत्रांतून भरतीच्या तुकबंद कविता लिहीत, आणि एका कवितेत त्यांनी युद्धाला चक्क खेळ म्हटलंय : चला, मैदानात कोण उतरतंय? ओवेनने नंतर त्यांचं नाव काढलं. बरं केलं. नाव राहिलं असतं तर हे दोन कवींचं भांडण झालं असतं.

ससूनची एखादी छोटी कविता?

'द जनरल'. अवघ्या सात ओळी. आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकांना जनरलसाहेब हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतात. सैनिकांपैकी दोघे आपसात म्हणतात, म्हातारा मोठा दिलखुलास आहे. त्या दोघांचं पुढे काय झालं ते शेवटच्या ओळीत येतं : जनरलच्या आखणीने दोघांनाही संपवलं. जनरल दुष्ट नाही, हाच या कवितेचा दंश.

हे कवी घाबरट होते का?

नाही. ससूनचं वर सांगितलंच. तो १९१८ मध्ये पुन्हा आघाडीवर गेला, डोक्याला गोळी लागली आणि वाचला. ओवेनही परत गेला, त्यालाही मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला. वय पंचवीस. युद्ध आठवड्याने संपलं. तार श्रूजबरीत त्याच्या घरी पोचली ती ११ नोव्हेंबरला, विजयाच्या घंटा वाजत असताना.

आमच्या गावातली निम्मी घरं फौजेत आहेत. अशा कविता वाचणं म्हणजे जवानांचा अपमान नाही का?

हा प्रश्न आमच्या गटात सातारा जिल्ह्यातल्या एका सदस्याने विचारला, आणि तो टोलवण्यासारखा नाही. त्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात लढायला गेले. अशा गावात नाक्यावर उभं राहून 'युद्ध वाईट' म्हणणं सोपं नाही, आणि पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात म्हणणं फारच सोपं आहे.

पण ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय ते कवी फौजेतलेच होते. त्यांचा राग सैनिकांवर कधीच नव्हता. समोरच्या जर्मनावर तर त्याहून कमी. राग होता तो सैनिकाच्या नावाने बोलणाऱ्या, पण त्याच्या जागी कधीच न जाणाऱ्या माणसांवर. आयझॅक रोझेनबर्ग हा लंडनच्या गरीब ज्यू वस्तीतला साधा शिपाई होता. त्याच्या कवितेत खंदकातला एक उंदीर त्याच्या हाताला स्पर्श करून पळतो, आणि आता हाच उंदीर पलीकडे जाऊन जर्मन हातालाही असाच शिवेल, असं त्याला वाटतं. यात अपमान कुणाचा? १ एप्रिल १९१८ ला रोझेनबर्गही मारला गेला.

प्रश्न विचारणाऱ्या सदस्याने ही कविता दोनदा वाचून घेतली. पटली असं तो म्हणाला नाही. त्याचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि घरी युद्धाबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत, एवढंच म्हणाला.

बायकांनी युद्धाविरुद्ध लिहिलं का?

इंग्रज कवींच्या आधी लिहिलं. १९०४ साली जपान आणि रशिया यांचं युद्ध चालू होतं. ओसाकाजवळच्या साकाई शहरातल्या मिठाईवाल्यांच्या घरातली योसानो अकिको तोवर प्रेमकवितांनी गाजलेली होती. तिचा धाकटा भाऊ पोर्ट आर्थर या रशियाच्या ताब्यातल्या बंदराला वेढा घालणाऱ्या जपानी फौजेत होता. त्याला उद्देशून तिने कविता लिहिली : तू मरू नकोस.

या कवितेत मला सगळ्यात आवडते ती तिची दुकानदारी. ती शांततेचं तत्त्वज्ञान सांगत नाही. ती म्हणते, हाती तलवार देऊन माणसं मार आणि मर, असं सांगायला का आईबापांनी तुला चोवीस वर्षांचा केला? पोर्ट आर्थरचा किल्ला पडला काय, न पडला काय. आपल्या व्यापारी घराण्याच्या नियमांत तो कुठे लिहिलाय? दुकानाच्या पडद्याआड तुझी कोवळी नवी बायको तोंड लपवून रडतेय. लग्नाला दहा महिनेही झाले नाहीत.

सम्राट आणि साम्राज्य यांच्यासमोर ती घरची वही उघडून ठेवते. आणि एका कडव्यात ती थेट सम्राटापर्यंत जाते : तो स्वतः काही लढायला जात नाही; त्याचं मन मोठं आहे म्हणतात, मग जनावरांसारखं मरणं हा मान आहे असं त्याला कसं वाटेल? १९०४ च्या जपानमध्ये हे छापून येणं म्हणजे निखाऱ्यावर पाय ठेवणं होतं. ओमाची केइगेत्सु या समीक्षकाने तिच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला. तिने जाहीर पत्र लिहून उत्तर दिलं. तिचा सूर असा, की बायकांना युद्ध नकोच असतं, आणि उठता-बसता देशासाठी मरा म्हणण्याची ही नवी टूमच खरी धोक्याची आहे.

भाऊ जिवंत परत आला.

पण पुढे याच अकिकोने युद्धाच्या बाजूने लिहिलं, हे खरं का?

खरं. १९३० च्या दशकात तिचा सूर बदलला. १९४२ मध्ये आरमारात अधिकारी म्हणून निघालेल्या मुलाला तिने 'शूरपणे लढ' असं लिहिलं. त्याच वर्षी ती वारली. भावाला 'मरू नकोस' म्हणणारा हातच मुलाला असं लिहू शकतो. ज्यांना कवीत संत हवा असतो ते इथे निराश होतात. मला ही माहिती आवडत नाही, पण ती लपवून १९०४ ची कविता वाचणंही मला जमत नाही.

हिरोशिमावरच्या कविता निषेधाच्या मानायच्या की शोकाच्या?

ते वेगळं करता येत नाही. बॉम्ब पडल्यावर जपानवर अमेरिकेचा ताबा होता आणि छापील मजकुराची तपासणी होत असे. म्हणजे काय घडलं ते नुसतं सांगणं हाच निषेध. कुरिहारा सादाको यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवितेत एका पडक्या इमारतीच्या तळघरात, मेणबत्तीही नसलेल्या अंधारात, भाजलेल्या माणसांच्या गर्दीत एका बाईला कळा सुरू होतात. मघापर्यंत कण्हत पडलेली एक जखमी स्त्री म्हणते, मी सुईण आहे, मी बाळंतपण करते. मूल जन्मतं, आणि उजाडायच्या आत ती सुईण मरते. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या संग्रहातल्या काही कविता तपासनिसांनी गाळायला लावल्या.

कवी तोगे सांकिचीचा संग्रह १९५१ चा. कोरियात पुन्हा अणुबॉम्ब वापरण्याची भाषा सुरू झाली होती, त्या काळातला. त्याच्या ज्या ओळी आज हिरोशिमाच्या शांती उद्यानातल्या दगडावर कोरलेल्या आहेत, त्या पहिलीच्या मुलालाही कळतील : बाबांना परत द्या, आईला परत द्या, म्हाताऱ्यांना परत द्या, मुलांना परत द्या. इतक्या साध्या शब्दांना तपासनीस कात्री लावणार तरी कुठे?

सरकारं कवितेला खरंच घाबरतात का?

कवितेला नाही, लाजिरवाण्या प्रसंगाला घाबरतात. अमेरिकेतले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला १९६५ चा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये कलामहोत्सव ठेवला. कवी रॉबर्ट लोवेल यांनी आधी होकार दिला, नंतर व्हिएतनाममुळे नकाराचं पत्र लिहिलं, आणि ते 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आलं. लोवेल दुसऱ्या महायुद्धातही लष्करात जायला नकार देऊन तुरुंगात गेले होते, त्यामुळे त्यांच्या नकाराला वजन होतं.

दुसरा २००३ चा. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी १२ फेब्रुवारीला व्हिटमन, एमिली डिकिन्सन आणि लँग्स्टन ह्यूज या अमेरिकन कवींवर परिसंवाद ठेवला होता. या तिघांना निवडलं आणि वर राजकारण नको, ही अपेक्षाच मजेशीर. निमंत्रितांत सॅम हॅमिल होते : कवी, प्रकाशक, आणि एके काळचे मरीन सैनिक. इराकवर हल्ल्याची तयारी चालू होती. हॅमिलनी जायचं नाही असं ठरवलं आणि ओळखीच्या कवींना ईमेल पाठवून युद्धाविरुद्धच्या कविता मागवल्या, व्हाइट हाउसला द्यायला. चार दिवसांत सुमारे १५०० जणांनी उत्तर दिलं. व्हाइट हाउसला याचा सुगावा लागला आणि परिसंवाद पुढे ढकलण्यात आला. तो पुन्हा झाला नाही. ज्या दिवशी तो व्हायचा होता त्या दिवशी देशभर युद्धविरोधी कवितावाचनं झाली. संकेतस्थळावरच्या कवितांचा आकडा पुढे दहा हजारांपलीकडे गेला.

मग युद्ध थांबलं?

नाही. मार्चमध्ये हल्ला झाला.

कवितेने थांबलेलं एकही युद्ध मला माहीत नाही. ओवेनच्या तर हयातीत मोजून चार-पाच कविता छापल्या गेल्या. संग्रह आला १९२० मध्ये, ससूनच्या संपादनाखाली. १९३६ मध्ये येट्ससारख्या मोठ्या कवीने आधुनिक कवितेचं निवडक पुस्तक काढताना ओवेनला सरळ वगळलं. निव्वळ सोसणं हा कवितेचा विषय होत नाही, असं त्याचं म्हणणं. मग १९६२ साली, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलजवळ नवं कॅथेड्रल उभं राहिलं तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटनने मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनांमध्ये ओवेनच्या कविता गुंफून संगीतरचना केली. आज ब्रिटनच्या शाळांत मुलं ओवेन शिकतात. होरेसची ओळ बहुतेकांना माहीत आहे ती ओवेनच्या कवितेतून, म्हणजे खोटं म्हणूनच. एक ओळ तरी त्याने भरतीवाल्यांच्या हातून काढून घेतली.

निषेधाच्या इतक्या कविता वाईट का असतात?

कारण कवीला आपण बरोबर आहोत हे आधीच माहीत असतं. 'रक्ताचे पाट', 'शांतीची कबुतरं' आणि 'मानवतेचा टाहो' एकाच पानावर आले की मी पान उलटतो. व्हिएतनामच्या काळात यावरून एक जिवाभावाची मैत्री तुटली. रॉबर्ट डंकन आणि डेनीस लेव्हर्टॉव्ह, दोघेही अमेरिकेतले कवी, दोघेही युद्धाच्या विरोधात, वर्षानुवर्षं एकमेकांना पत्रं लिहिणारे. ती मोर्चांत उतरली, कविताही मोर्चासारख्या होऊ लागल्या. डंकनचं म्हणणं पडलं की दुष्टपणाला विरोध करणं हे कवीचं काम नाही, तो कल्पनेत आणून पाहणं हे आहे. पत्रं बंद झाली. मला डंकन बरोबर वाटतो, आणि लेव्हर्टॉव्ह रस्त्यावर होती म्हणून तिचा आदर वाटतो. दोन्ही एकदम वाटू शकतं.

आपल्याकडे अशी कविता आहे का?

आहे, पण पुस्तकात शोधाल तर कमी सापडेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पंजाबी पलटणी होत्या, तशा मराठा पलटणीही. कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून १९१६ मध्ये शरण जाणाऱ्यांत त्या होत्या. त्या काळातलं एक पंजाबी लोकगीत बायका गात : बसऱ्याची लढाई मोडू दे, म्हणजे मी विधवेची सवाष्ण होईन. नवरा जिवंत आहे, तरी ती स्वतःला विधवा म्हणतेय.

साहिर लुधियानवी मुंबईत राहिले. १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतरच्या त्यांच्या नज्ममध्ये रक्त आपलं असो की परक्याचं, ते माणसाचंच, असं सरळ म्हटलंय. आणि युद्ध हीच मुळात एक समस्या, ती समस्या काय सोडवणार, असंही. मराठीत मात्र त्याच दशकात आपल्या ओठांवर 'जिंकू किंवा मरू' होतं. गदिमांचं गाणं, चालही अशी की आजही पाय ताल धरतात. यात दोष काढत नाही, पण तिसरा पर्याय त्या गाण्यात नाही हे लक्षात येतं.

मर्ढेकरांचे पिपात मेलेले उंदीर मी या यादीत घालतो. कवितेत युद्धाचं नाव नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या सावलीत लिहिणाऱ्या कवीला, मुरगळल्याशिवाय पडलेल्या माना एका पिपात दिसाव्यात, यात मला रोझेनबर्गच्या उंदराचा दूरचा नातेवाईक दिसतो. समीक्षक हसतील. हसू देत.

मराठीत अनुवाद करताना कुठे अडतं?

सर्वनामांत. ओवेन शेवटी ज्याला 'माय फ्रेंड' म्हणतो त्याला मराठीत काय म्हणायचं? 'मित्रा' म्हटलं की टोमणा जातो आणि माया येते. 'महाशय' नाटकी. जेसी पोप डोळ्यासमोर ठेवून आमच्यातल्या एकीने 'अहो बाई' करून पाहिलं, तर खोली हसली आणि मग एकदम गप्प झाली. आम्ही ते ठेवलं.

अकिकोचं उलटं. 'मरू नकोस' म्हणताना तिने जुन्या भाषेतलं आदरार्थी क्रियापद वापरलंय, धाकट्या भावासाठी. 'तुम्ही मरू नका' केलं तर तो भाऊजी होतो. 'नकोस'च बरोबर, पण मग आदर कुठे ठेवायचा?

वाचनाचा कार्यक्रम ठेवायचा आहे. काही सूचना?

तासाभरापेक्षा लांबवू नका. मागे बिगुल, बासरी काही नको. दोन कवितांच्या मध्ये निवेदकाला बोलू देऊ नका, हे सगळ्यांत कठीण. आणि एखादी भरतीची कविताही वाचा, चांगली, मनापासून; समोर काय होतं ते ऐकल्याशिवाय ओवेन कळत नाही.

ओवेनचा रवींद्रनाथांशी काय संबंध?

थोडासाच. १९१८ च्या उन्हाळ्यात शेवटच्या वेळी युद्धावर निघताना ओवेनने आईला 'गीतांजली'तले शब्द म्हणून दाखवले : इथून जाताना माझा निरोपाचा शब्द हाच असो, की मी जे पाहिलं त्याला तोड नाही. तो मेल्यावर त्याची खिशातली वही आईकडे परत आली. तिच्यात तेच शब्द त्याच्या अक्षरात होते, खाली रवींद्रनाथांचं नाव. १९२० मध्ये सुझन ओवेन यांनी रवींद्रनाथांना पत्र लिहून हे कळवलं, आणि विचारलं, फार मागणं होत नसेल तर सांगाल का, ही संपूर्ण कविता मला कोणत्या पुस्तकात मिळेल?